दोन बादल्या

आषाढात मावळात भाताची लावणी सुरू झाली की बेगडेवाडी स्थानकाच्या पुढे तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत अशा लोहमार्गालगतच्या खाचरांत सकाळपासून माणसं ओणवी झालेली दिसतात. लोणावळा लोकलच्या खिडकीतून हे दृश्य सुंदर दिसतं. खाचरात उभं राहणाऱ्याला मात्र दिवसभर नडगीपर्यंत चिखलपाणी, वरून पावसाची झड आणि कमरेत वाक असतो. संध्याकाळपर्यंत पोटऱ्या ताठतात, तळवे बधिरतात, बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते. घरी आलं की चुलीवरचं गरम पाणी बादलीत ओतायचं, मूठभर मीठ टाकायचं आणि पाय बुडवून बसायचं, हा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. मिठाचा पोटरीच्या दुखण्याशी फारसा संबंध नाही. आराम पडतो तो ऊबदार पाण्याने.

या उपायाला शेजारी गार पाण्याची दुसरी बादली जोडली की आपला विषय तयार होतो. पाय तीन-चार मिनिटं गरम पाण्यात, मग थोडा वेळ गार पाण्यात, पुन्हा गरम पाण्यात, असं तीन-चार वेळा करायचं. फिजिओथेरपिस्ट याला गरम-थंड शेक म्हणतात. निसर्गोपचार केंद्रांत हेच पायांसाठी, हातांसाठी, कमरेसाठी वेगवेगळ्या टबांतून देतात आणि क्रिकेट-फुटबॉलचे संघ सामन्यानंतर खेळाडूंना अशाच दोन हौदांतून आळीपाळीने बसवतात. या उपायाबद्दल अलीकडे इतकं काही सांगितलं जातं, की रक्त शुद्ध होण्यापासून मधुमेह पळून जाण्यापर्यंत सगळं त्यात येतं. एवढं सगळं खरं नाही, पण जे खरं आहे तेही कमी नाही, आणि ते नीट समजून घेतलं तर दोन बादल्यांच्या खर्चात मिळतं.

सुरुवात कातडीपासून करू. विश्रांती घेत असलेल्या माणसाच्या कातडीतून मिनिटाला साधारण पाव ते अर्धा लिटर रक्त वाहतं. शरीर फार तापलं तर हाच प्रवाह 6 ते 8 लिटरपर्यंत वाढू शकतो. कातडीतल्या बारीक धमन्या उष्णतेने सैलावतात आणि गारव्याने आवळतात. शरीराचं आतलं तापमान 37 अंशांच्या आसपास राखायचं हे त्यांचं रोजचं काम. तळहात, तळपाय, नाक आणि कान या ठिकाणी तर रक्ताचा प्रवाह झटकन वाढवण्या-घटवण्याची खास व्यवस्था आहे. म्हणून गरम पाण्यातून काढलेले पाय लालसर होतात आणि गार पाण्यात घातले की काही क्षणांतच फिकटतात. गरम-थंड शेकात आपण या धमन्यांना मुद्दाम सैल, घट्ट, पुन्हा सैल असं करायला लावतो.

दुसरा भाग नसांचा, म्हणजे जाणिवेच्या मज्जातंतूंचा. कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर तापमान ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक साधारण 43 अंशांच्या वर जागं होतं, आणि मिरचीचा तिखटपणाही त्यालाच कळतो. दुसरं साधारण 25 अंशांच्या खाली जागं होतं, आणि पुदिन्यातल्या मेन्थॉलनेही तेच चाळवतं. मिरचीने जळजळ आणि पुदिन्याने गारवा का वाटतो, याचं उत्तर इथे आहे. उष्णतेच्या आणि स्पर्शाच्या जाणिवेच्या या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की हे मज्जातंतू तापमान बदलत असताना सर्वांत जास्त संदेश पाठवतात. पाण्याचं तापमान तेवढंच राहिलं की ते हळूहळू शांत होतात. म्हणूनच गरम पाण्यात पाच मिनिटं बसलं की ते कोमट वाटू लागतं. पाय गार बादलीत गेले की मेंदूकडे पुन्हा नव्याने संदेशांची गर्दी होते, आणि या गर्दीत दुखऱ्या स्नायूकडून येणारे मंद संदेश मागे पडतात. 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेल्या वेदनेच्या सिद्धान्ताचा गाभा हाच होता: पाठीच्या कण्यातच एक दार असतं, आणि स्पर्शाचे संदेश त्या दारातून आत शिरताना वेदनेच्या संदेशांना अडवतात. दुखरी जागा चोळल्यावर बरं वाटतं ते त्यामुळेच.

तिसरा भाग सहसा कुणी सांगत नाही, तो पाण्याच्या दाबाचा. बादलीत 30 सेंटीमीटर पाणी असेल तर तळव्यावर पाऱ्याच्या सुमारे 22 मिलिमीटर स्तंभाइतका दाब येतो आणि वर पोटरीकडे तो कमी होत जातो. सुजलेल्या पायांसाठी डॉक्टर जे हलके घट्ट मोजे देतात, त्यांचा घोट्याजवळचा दाब साधारण याच पट्ट्यात असतो. म्हणजे नुसत्या पाण्यात पाय सोडून बसल्यानेही दिवसभर खाली उतरलेल्या द्रवाला वर ढकलणारा हलका रेटा मिळतो. खोल बादली उथळ परातीपेक्षा चांगली, ती यासाठी.

इथवर सगळं पक्कं आहे. यापुढे जो दावा केला जातो तो मात्र तपासून घ्यायला हवा. गरम-थंड शेकाने खोलवरच्या स्नायूंच्या रक्तवाहिन्या पंपासारख्या उघडझाप करतात आणि साचलेली घाण बाहेर फेकली जाते, असं पुष्कळ पुस्तकांत लिहिलेलं असतं. 1994 साली अमेरिकेत मायरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटरीच्या स्नायूत बारीक तापमापक टोचून हे मोजलं. चार मिनिटं गरम आणि एक मिनिट गार अशा फेऱ्या त्यांनी वीस मिनिटं दिल्या. कातडी तापत होती आणि निवत होती, पण चरबीच्या थराखाली एक सेंटीमीटर आत स्नायूच्या तापमानात म्हणण्यासारखा चढउतार झालाच नाही. चरबी आणि मांस उष्णतेला सहज वाट देत नाहीत, आणि एका मिनिटाचा गारवा आत पोहोचण्याआधीच संपतो. तेव्हा खोलवरच्या पंपाची कल्पना सोडून द्यायला हवी. कातडीतला रक्तप्रवाह, मज्जातंतूंचं चाळवणं आणि पाण्याचा दाब, या उपायाची शिदोरी एवढीच आहे. मला ती पुरेशी वाटते.

मोजून पाहण्याची ही वृत्ती मावळाला परकी नाही. बेगडेवाडीहून लोकलने शेवटच्या स्थानकावर उतरलं की लोणावळ्यात कैवल्यधाम आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी 1924 साली ते स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांबद्दल परंपरेने सांगितलेली प्रत्येक गोष्ट क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासायची, असा त्यांचा हट्ट होता. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांनी दाखवलं. बस्ती, म्हणजे पाण्याने आतडं धुण्याची क्रिया, करताना पाणी आपोआप वर कसं ओढलं जातं, या कोड्याचं ते उत्तर होतं. त्या निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास व्हॅक्यूम’ असं नाव दिलं. परंपरेवर श्रद्धा आणि मोजमापाची शिस्त एका माणसात नांदू शकतात, याचं इतकं जवळचं उदाहरण दुसरं नाही. पाण्याच्या उपचारांनाही तीच कसोटी लावायला हवी.

हे उपचार आजच्या रूपात आपल्याकडे आले ते युरोपातून, आणि पुणे जिल्ह्यात त्यांना जे घर मिळालं ते गांधीजींमुळे. बव्हेरियात सेबास्टियन क्नाइप नावाचा एक तरुण पाद्री होण्यासाठी शिकत असताना छातीच्या आजाराने खंगला होता. 1849 च्या हिवाळ्यात तो धावत डॅन्यूब नदीवर जाई, क्षणभर बर्फगार पाण्यात उतरे आणि धावतच घरी येई. तो बरा झाला, आणि पुढे वोरिसहोफेन या गावी लोकांवर पाण्याचे उपचार करू लागला. 1886 सालचं त्याचं पुस्तक युरोपभर खपलं. डॅन्यूबमुळे तो बरा झाला की झाला असताच, हे कुणीच सांगू शकत नाही. पण त्याच्या पद्धतीत एक शहाणपण होतं आणि ते मला फार मोलाचं वाटतं: गार अंगावर गार पाणी कधीही घ्यायचं नाही. आधी शरीर चालून, धावून किंवा गरम पाण्याने ऊबदार करायचं, मग गार पाणी, तेही अगदी थोडा वेळ. क्नाइपच्या परंपरेत पायांचं गरम-थंड स्नान आजही असंच देतात: 36 ते 38 अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं आणि 18 अंशांखालच्या पाण्यात फक्त दहा-पंधरा सेकंद.

जर्मनीतच लाइपझिग इथे लुई कुन्हे यांनी गार पाण्याच्या कटिस्नानावर, म्हणजे कमरेपर्यंत पाण्यात बसण्यावर, भर दिला. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींच्या हाती कुन्हे यांचं पुस्तक पडलं आणि ते त्यांच्या आयुष्यात कायमचं राहिलं. 1942 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी ‘आरोग्याची किल्ली’ लिहिली. त्यात पाण्यावरच्या भागात कटिस्नान, ओल्या चादरीची लपेट यांची कृती त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्याच्या काळजीने सांगितली आहे. सुटकेनंतर पुण्यात आले की त्यांचा मुक्काम बरेचदा डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात असे. आज तिथे, ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनात, राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. ते केंद्र गरिबांसाठी चालवावं असं गांधीजींच्या मनात आलं होतं, पण खेड्यातला गरीब शहरात उपचाराला येऊन राहू शकत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. मग मार्च 1946 मध्ये ते उरुळी कांचनला गेले, गावकऱ्यांना स्वतः तपासलं, उपचार सांगितले. गावातल्या महादेव तात्याबा कांचन यांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. तो सांभाळायला मागे राहिलेले तरुण मणिभाई देसाई पुढे तिथलेच झाले. आज निसर्गोपचार केंद्रांत गरम-थंड कटिस्नान देतात तेव्हा शेजारी-शेजारी दोन टब असतात. रोग्याने कमरेपर्यंत आधी एकात बसायचं, मग दुसऱ्यात.

याच गांधीजींच्या आयुष्यात पुण्यातली आणखी एक घटना आहे आणि निसर्गोपचारावर लिहिणारे ती बहुधा गाळतात. येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना आंत्रपुच्छाचा आजार झाला, आणि 12 जानेवारी 1924 च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. पाण्यावर आणि मातीवर इतका विश्वास असलेल्या माणसाने सुरीला संमती दिली आणि नंतर सर्जनचे मनापासून आभारही मानले. कटिस्नानाने अपेंडिक्स बरा होत नाही. गांधीजींनी त्या रात्री ते मान्य केलं, आणि पुढे बावीस वर्षांनी उरुळीला जाताना पाण्यावरचा विश्वासही कायम ठेवला. मला हे दोन्ही एकत्र ध्यानात ठेवावंसं वाटतं.

आपल्या जुन्या ग्रंथांत गरम-थंड स्नानाची शिफारस शोधणाऱ्यांची मात्र निराशा होईल. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त गरम पाण्याचं स्नान डोक्याखालच्या शरीराला बळ देणारं म्हटलं आहे, आणि तेच पाणी डोक्यावर घेतलं तर केसांना आणि डोळ्यांना वाईट. चरकसंहितेत तर त्वचेच्या विकारांची कारणं सांगताना उन्हाने, श्रमाने किंवा भीतीने व्याकूळ झालेल्या माणसाने एकदम गार पाण्याकडे धाव घेणं हे एक कारण दिलं आहे. त्वचेच्या रोगाचं कारण म्हणून आज ते टिकणार नाही, पण एकदम गार पाणी नको हा इशारा टिकतो. महाराष्ट्रातल्या घरांतली रीतही उष्ण आणि शीत यांना एकमेकांत मिसळण्याची आहे. बंबातून कढत पाणी घंगाळात काढायचं आणि सोसवेल इतकं विसण घालायचं. दिवाळीच्या पहाटे तेल-उटणं लावून घेतलेलं अभ्यंगस्नानही याच पाण्याने. वज्रेश्वरी-अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत आणि शेजारून तानसा नदी वाहते, तरी लोक तिथे जातात ते कुंडातल्या गरम पाण्यासाठीच. गरम आणि गार वेगवेगळ्या बादल्यांत ठेवून आळीपाळीने वापरायची रीत आपल्याला नवी आहे, आणि नवी गोष्ट नवी म्हणून शिकून घेण्यात काहीच कमीपणा नाही.

आता पुराव्याकडे येऊ. घरगुती आंघोळीच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग नेदरलँड्समधला आहे. 2016 साली तो प्रसिद्ध झाला. 3,018 निरोगी माणसांपैकी काहींनी नेहमीची गरम आंघोळ संपवताना शेवटी 30, 60 किंवा 90 सेकंद गार पाणी घ्यायचं, उरलेल्यांनी फक्त गरम पाण्याने आंघोळ करायची, असं महिनाभर चाललं. गार पाणी घेणाऱ्यांनी आजारपणामुळे कामावर दांडी मारण्याचं प्रमाण 29 टक्क्यांनी कमी भरलं. आजारी पडल्याचे दिवस मात्र दोन्हीकडे सारखेच होते. म्हणजे सर्दी तितकीच झाली, पण माणसं तिला घेऊन कामावर गेली. आणखी एक गोष्ट त्यातून दिसली: 30 सेकंदांनी जे साधलं तेच 90 सेकंदांनी साधलं. जास्त वेळ कुडकुडण्यात काही फायदा नव्हता.

खेळाडूंच्या थकव्याबद्दल 2013 साली बियुझां आणि सहकाऱ्यांनी 18 चाचण्या एकत्र करून पाहिल्या. नुसतं बसून राहण्यापेक्षा गरम-थंड पाण्याने स्नायूंची ठणक कमी होते, असं त्यांत दिसलं. पण गार पाणी, गरम पाणी, हलका व्यायाम, ताणाचे व्यायाम यांच्या तुलनेत ते फारसं सरस ठरलं नाही, आणि सगळ्याच चाचण्यांच्या रचनेत उणिवा होत्या. गरम-थंड आहे की नाही हे बुडवलेल्या पायाला कळतंच, त्यामुळे औषधाच्या चाचणीत देतात तशी खोटी गोळी इथे देता येत नाही, ही मूळची अडचण आहे. हाताच्या दुखापतींवरच्या अभ्यासांचा 2009 साली आढावा घेतला गेला. त्यातही कातडीतला रक्तप्रवाह वाढतो एवढं दिसलं, सूज उतरण्याबद्दल मात्र निष्कर्ष परस्परविरोधी निघाले.

व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांसाठी एक वेगळी गोष्ट. 2015 साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात वजनं उचलून झाल्यावर दर वेळी दहा मिनिटं 10 अंशांच्या पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू बारा आठवड्यांनंतर कमी वाढले आणि ताकदही कमी वाढली. व्यायामानंतरची जळजळ हा स्नायू वाढण्याचाच एक टप्पा असतो आणि गार पाणी तो विझवतं. दंड कमवायचे असतील तर त्या दिवशी बर्फाच्या टबापासून लांब राहावं. रविवारी विसापूर किंवा राजमाची किल्ला चढून आलेल्याला याची चिंता नको. त्याला दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला म्हणजे झालं.

गार पाण्याने अंगातलं नॉरॲड्रेनलिन पाचपट वाढतं, असा आकडा मोबाइलवर सतत फिरत असतो. तो खरा आहे, पण प्रागमधल्या 2000 सालच्या ज्या प्रयोगातून तो आला त्यात तरुण पुरुष 14 अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत तासभर बसले होते. बादलीत बुडवलेल्या पायांवर तो आकडा चिकटवणं चूक आहे.

युरोपातले तापमानाचे आकडे मावळात आणताना आणखी एक विचार करावा लागतो. विहिरीचं आणि बोअरचं पाणी त्या ठिकाणच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या जवळपास असतं, आणि आपल्याकडे ते 25 अंशांच्या आसपास येतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तर तापलेलंच असतं. त्यामुळे नळाचं पाणी म्हणजे गार पाणी, हे बेगडेवाडीत फक्त डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे खरं ठरतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी उपयोगी पडतं, कारण कोरड्या हवेत माठ चांगला पाझरतो आणि बाष्पीभवनाने पाणी निवतं. पावसाळ्यात हवाच ओली असल्याने माठाचं काही चालत नाही. मग बर्फ घ्यावा. 10 लिटर पाणी 25 वरून 18 अंशांवर आणायला साधारण 700 ग्रॅम बर्फ लागतो, म्हणजे घरच्या फ्रीजमधले तीन-चार ट्रे. त्यापेक्षा गार पाण्याची घरगुती उपचाराला गरज नाही. 10 अंशांचे हौद खेळाडूंसाठी असतात आणि तिथे बाजूला प्रशिक्षक उभा असतो.

गरम बादली 38 ते 40 अंशांची असावी. पाण्याचा साधा तापमापक स्वस्तात मिळतो. तो नसेल तर तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आई कोपर बुडवून पाहते, तसं पाहावं. ताप मोजायचा तापमापक इथे चालत नाही. बादल्या पोटरीपर्यंत भरतील अशा घ्याव्यात आणि पाठ टेकून बसता येईल अशी खुर्ची. तीन-चार मिनिटं गरम, अर्धं मिनिट गार, अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. दोन्ही बादल्यांत पाय मधून मधून घोट्यातून हलवावेत. गरम बादली निवू लागली की कढत पाण्याची भर घालावी, पण पाय बाहेर काढून. पाय आत असताना वरून ओतल्याने भाजल्याची उदाहरणं कमी नाहीत. शेवट गार पाण्यावर करावा की गरम, यावर उपचारकांत वाद आहे. सकाळी कामाला निघायच्या आधी गार पाण्यावर थांबलं की तरतरी वाटते. रात्री मात्र गरम पाण्यावर थांबावं, असं माझं मत आहे आणि त्याला आधारही आहे. झोपायच्या एक-दोन तास आधी 40 ते 42.5 अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं आंघोळ केली किंवा पाय शेकले तर झोप लवकर लागते, असं 2019 सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. पायांची कातडी तापली की शरीर तिथून उष्णता बाहेर टाकतं, आतलं तापमान किंचित उतरतं आणि त्या उतारावर झोप येते. शेक झाल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. पावसाळ्यात चिखल्या झाल्या असतील तर त्या बऱ्या होईपर्यंत बादलीच नको.

बेगडेवाडी स्थानकात उतरून इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याकडे जाणाऱ्यांसाठी, किंवा भुशी आणि पवनेच्या पाण्यात उड्या मारणाऱ्यांसाठी, हे सगळं लागू नाही. कुंडमळ्याच्या कातळात कोरलेल्या कुंडांत पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही, आणि चढ चढून, उन्हात तापून आलेलं अंग एकदम गार पाण्यात गेलं की पहिल्या अर्ध्या मिनिटात जो जोराचा श्वास आपोआप ओढला जातो तो पाण्याखाली ओढला गेला तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब त्याच क्षणी उसळतात. हा धक्का दोन-तीन मिनिटांत ओसरतो, पण त्या दोन-तीन मिनिटांतच अपघात होऊ शकतो. कडेला बसून नुसते पाय सोडणंही पावसाळ्यात टाळावं, कारण वर घाटमाथ्यावर पाऊस झाला की इथलं पाणी बघता बघता वाढतं.

घरातल्या बादलीचा सर्वांत मोठा धोका मधुमेहींना आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांतल्या अनेकांच्या तळव्यांची जाणीव हळूहळू गेलेली असते. त्यांना 50 अंशांचं पाणी कोमट वाटू शकतं. फोड आल्यावर कळतं, तो लवकर भरत नाही, आणि पुढे कधीकधी पाय गमवावा लागतो. गीझरमधून 60 अंशांचं पाणी थेट आलं तर निरोगी कातडीही पाच सेकंदांत खोल भाजते. म्हणून मधुमेह असलेल्या सासऱ्यांसाठी, आईसाठी बादली भरली तर पाणी त्यांनी पाहायचं नाही, दुसऱ्या कुणीतरी कोपराने पाहायचं, आणि पायांना मुंग्या येत असतील किंवा ते बधिर असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेक सुरूच करायचा नाही. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण, गारव्याने बोटं पांढरीनिळी पडण्याचा त्रास, यांतही आधी विचारावं. घोटा मुरगळला असेल तर पहिले दोन-तीन दिवस गरम पाणी लावू नये, त्याने सूज वाढते. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, हात लावताच गरम लागली आणि दुखू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर, तर तो थकवा नसून शिरेत साकळलेल्या रक्ताची गाठ असू शकते. अशा पायाला चोळायचं नाही, शेकायचं नाही आणि सकाळपर्यंत थांबायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.